पुसलेला तास

१

यंत्र अगदी ठणठणीत चालू होतं. फक्त मंगळवारच्या सकाळचा एक तास त्यात नव्हता.

"पुन्हा लावा," सत्यवती लांजेवार म्हणाल्या.

यंत्रणा विभागाचे अभियंता धम्मानंद रामटेकेंनी पुन्हा लावलं. नियंत्रण कक्षात बोललेला प्रत्येक शब्द हे यंत्र टिपून ठेवायचं, मग तो रेडिओवरून विमानाला सांगितलेला असो की कक्षातल्या आतल्या फोनवर बोललेला. सुरुवातीला नेहमीचे आवाज आले. कोणाला उंची दिली, कोणाला वळायला सांगितलं. मग मधेच सगळं थांबलं आणि पुढच्या तासाची आरडाओरड एकदम कानावर आदळली. जोडीला ठेवलेल्या राखीव यंत्रातही हाच प्रकार होता.

"बिघाड असेल?"

"दोन्ही यंत्रं एकाच तासाले बिघडत नसतात, मॅडम. कोणीतरी पुसलं आहे." रामटेकेंनी हात पुसले. "आणि खोलीची चावी माझ्याकडे राहते. म्हणजे तुम्ही आता काय विचार करून राहिल्या, ते मले समजते."

त्या हरवलेल्या तासात पारशिवनीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांच्या इतक्या जवळ आली होती, की एकाच्या खिडकीतून दुसऱ्याच्या शेपटीवरचा रंग दिसला. नागपूरहून उडालेलं विमान वर चढत होतं आणि दुसरं त्याच उंचीवरून दक्षिणेला चाललं होतं. टक्कर टाळणारं यंत्र कॉकपिटमध्ये किंचाळलं, वैमानिकानं नाक खाली दाबलं आणि चहाची गाडी ढकलणारी सोनिका नावाची हवाई सेविका छतावर आपटली. तिचं कंबरेखालचं अंग अजून हलत नव्हतं. विमान नागपूरला परत उतरलं. चढायची सूचना दिली होती रोशनी गजभिये या नियंत्रकानं. तिला त्याच दिवशी निलंबित करण्यात आलं.

सत्यवतीबाई दिल्लीहून आल्या होत्या, हवाई सुरक्षा संचालनालयाकडून. आकाशात विमानांना वाट दाखवायचं काम गगनमार्ग प्राधिकरणाचं. ते काम नीट होतं की नाही हे पाहायचं, नियंत्रकांना परवाने द्यायचे आणि वेळ पडली तर काढून घ्यायचे, हे संचालनालयाचं. दोन्ही सरकारीच. पूर्वी एकाच छपराखाली होती. खातं आपल्याच चुका आपणच तपासतं म्हणून बोंब झाली, तेव्हा वेगळी केली. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

त्यात सत्यवतीबाई पूर्वी याच कक्षात नियंत्रक होत्या आणि मग संचालनालयात गेल्या होत्या. नागपूर केंद्रात त्यांना एकच नाव होतं. पळपुटी.

२

"चहा सांगत नाही," केंद्रप्रमुख उन्मेष काळमेघ म्हणाले. "उद्या तुम्ही लिहाल, लाच दिली म्हणून."

"पाणी चालेल."

"कूलर बाहेर आहे."

मे महिना होता. बाहेर धावपट्टीवरची हवा कढईतल्या तेलासारखी थरथरत होती. सत्यवतीबाई बसल्या नाहीत, कारण समोरच्या दोन्ही खुर्च्यांवर मुद्दाम फायली रचून ठेवल्या होत्या.

"त्या दिवशी रोशनीकडे दोन टेबलांचं काम होतं," त्या म्हणाल्या. "उत्तरेचं आकाशही आणि पूर्वेचंही. कोणी एकत्र केलं?"

"मी. माणसं नाहीत. तुम्ही परीक्षा कडक करता, पोरं नापास करता, वरून विचारता माणसं कुठे आहेत! विमानं आम्ही चालवतो, लांजेवार बाई. तुम्ही फक्त नियम चालवता."

"एकत्र करण्याआधी सुरक्षा कक्षाला विचारलं होतं?"

"हे केंद्र माझं आहे."

"सुरक्षा कक्ष तुमचा नाही. तो थेट दिल्लीतल्या तुमच्या मुख्यालयाला उत्तर देतो."

"कागदावर," काळमेघ हसले. "तिथल्या बाईंचा वार्षिक शेरा कोण लिहितो? मीच ना?"

दाराशी पोचल्यावर सत्यवतीबाई वळल्या. "रोशनी म्हणते, तिनं त्या वेळी मदत मागितली होती."

खरं तर त्या रोशनीला अजून भेटल्याही नव्हत्या. पण दोन टेबलं सांभाळणारा नियंत्रक मदत मागतोच, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"मागितली असती तर अख्ख्या कक्षाले ऐकू गेली असती," काळमेघ म्हणाले. "पर्यवेक्षक तिच्या पाठीमागेच बसतो. मान वळवायची अन् आवाज द्यायचा. मुकी आहे का ती?"

३

हुडकेश्वरला रोशनीच्या घरी दार तिच्या आईनं, इंदूबाईंनी उघडलं. सत्यवतीबाईंचं ओळखपत्र पाहून त्यांनी दार पुन्हा अर्धं लोटलं.

"तुम्हीच ना तिचं लायसन काढून राहिल्या?"

"अजून नाही काढलं, इंदूबाई. तिचं ऐकून घ्यायले आली मी."

बोलीतलं ते 'आली' ऐकून दार उघडलं, पण चेहरा उघडला नाही.

रोशनी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. तिशीची असेल. तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

"चूक माझी आहे. चढायले मीच सांगितलं. वरचं विमान मले दिसत होतं, पण त्याच क्षणी पूर्वेकडे तिघं एकदम बोलून राहिले होते. मी त्या विमानाले विसरली." तिनं पलंगावरची चादर ओढून सरळ केली. "विमानातली ती पोरगी चालणार का हो?"

"डॉक्टरांना अजून सांगता येत नाही."

रोशनीनं मान खाली घातली.

"मदत मागितली होती तू?"

"हो. पर्यवेक्षकाले म्हटलं, दुसरं टेबल उघडा, मले झेपून नाही राहिलं."

"मान वळवून?"

"मान वळवायले कुठे सवड होती? नजर पडद्यावरून हलवली असती तर गेलंच होतं. आतल्या फोनचं बटण दाबलं. एका कानात विमानं, एका कानात फोन. अंकुश सर म्हणाले, 'सांभाळ.' थोड्या वेळानं मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. 'सांभाळ.' अन् मग ते झालं."

"अंकुशच होता? नक्की?"

"त्यांच्या टेबलावर दुसरं कोण राहणार?" पण लगेच ती अडखळली. "एकच शब्द होता. अन् दुसऱ्या कानात तर वैमानिक ओरडत होते."

"फोन केला होता, हे कोणाकोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही. संघटनेनं पहिल्याच दिवशी बजावलं, चौकशीअगोदर तोंड उघडायचं नाही. आईलेही नाही सांगितलं."

"कोणी भेटायले येते?"

"ऑफिसचं कोणीच नाही. जसा काही मले महारोग झाला. एक रितिकाताई येते, सुरक्षा कक्षातली. आईपाशी बसते, जेवते. पण त्या दिवसाचा विषय मी काढला की म्हणते, राहू दे वं, नको आठवू."

इंदूबाईंनी दारातून सांगितलं, "तीच एक माणूस आहे तिथं. बाकी सगळे कसाई."

४

पर्यवेक्षक अंकुश नाकाडे कॅन्टीनमध्ये सापडला. सत्यवतीबाई येताच त्याच्या टेबलावरचे बाकीचे नियंत्रक ताटं घेऊन उठले. एकानं जाता जाता खुर्ची लाथेनं सरकवली.

"मी टेबलावरच होतो. पूर्ण वेळ," अंकुशनं विचारायच्या आतच सांगितलं.

"रोशनी म्हणते, तिनं मदत मागितली होती."

"खोटं आहे. चार हातांवर बसते ती माझ्यापासून. साधी हाक मारली असती तरी ऐकू आली असती. तिनं आवाजच नाही दिला."

"दुसऱ्या कोणत्या प्रकारे?"

"दुसऱ्या कोणत्या?" त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच गोंधळ होता. "आणखी कसं मागणार?"

सत्यवतीबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस खोटं बोलत होता, हे त्यांना समजलं. पण त्यांना वाटलं होतं त्या गोष्टीबद्दल नव्हे.

रामटेके यंत्रणा विभागात सापडले. नियंत्रक विभाग आणि यंत्रणा विभाग एकाच इमारतीत दोन मजल्यांवर होते, पण जेवायलाही एकत्र बसत नसत. नियंत्रकांच्या मते अभियंते म्हणजे वायरमन आणि अभियंत्यांच्या मते नियंत्रक म्हणजे माइकवर ओरडणारे.

"मंगळवारी तुम्ही कक्षात होता?"

"होतो. रोशनीच्या बाजूचा पडदा लुकलुकत होता. माझं अर्धं अंग टेबलाच्या पोटात. कोण आलं, कोण गेलं, काही दिसलं नाही."

"रोशनी म्हणते, तिनं मदत मागितली होती."

"ओरडली असेल. हे लोक ओरडतच राहतात. मी लक्ष देत नाही."

"ध्वनिमुद्रणाची खोली सील करायच्या आधी कोणी उघडली?"

"कोणी नाही. नियमच आहे. उघडायची तर आमचा एक अन् सुरक्षा कक्षाचा एक, दोघं मिळून. दुपारी मी आणि रितिका मॅडमनं मिळून उघडली, तपासली, सील केली."

"दोघं एकत्र आत गेलात?"

रामटेकेंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"हो," ते म्हणाले. "एकत्र."

५

त्या सबंध इमारतीत सत्यवतीबाईंना बसायला खुर्ची दिली ती एकट्या रितिका डेहनकरनं. चहा दिला, पंखा त्यांच्याकडे वळवला. ती आधी नियंत्रक होती. चार वर्षांपूर्वी सुरक्षा कक्षात आली, तेव्हापासून प्रत्यक्ष विमानांशी बोलली नव्हती आणि नियमाप्रमाणे तिचा नियंत्रकाचा परवाना बाद झाला होता.

"इथं तुमचा जीव घेतील हे लोक," ती म्हणाली. "मलाही वाटतं पाणी मुरतं ते यंत्रणा विभागात. त्यांचा लुकलुकता पडदा, त्यांचीच चावी. रोशनी बिचारी फुकट मेली."

"रोशनी म्हणते, तिनं मदत मागितली होती."

"असेल. पण आतल्या फोनवरचं बोलणं कोण सिद्ध करणार? मुद्रणच नाही." रितिकानं उसासा टाकला. "तेच तर वाईट आहे."

सत्यवतीबाईंनी चहाचा घोट घेतला. गोड होता. त्यांना तो पुढे घेता येईना.

"काळमेघांनी दोन टेबलं एकत्र केली, ते तुम्हाला पटलं होतं?"

पहिल्यांदाच रितिकाचा आवाज कडक झाला. "मी दोनदा जाऊन सांगितलं होतं त्यांना. हे जीवावर बेतेल म्हणून. म्हणाले, दिल्लीला कळवायची काही गरज नाही, शेरा लिहायची वेळ जवळ आली आहे. माझी बदली ईशान्येला होता होता राहिली होती, मॅडम. सासू अंथरुणावर आहे."

"मग कळवलं नाहीत."

"नाही."

सत्यवतीबाई उठल्या. जिन्यात त्या थोडा वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या. एवढ्या मोठ्या इमारतीत एक माणूस नीट वागलं होतं, आणि त्या ज्याला शोधत होत्या ते नेमकं तेच निघालं होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी काळमेघांच्या बैठकीच्या खोलीत काळमेघ, अंकुश, रामटेके आणि रितिका असे चौघं जमले. काळमेघ टेबलाच्या टोकाला बसले होते.

"निकाल लावा अन् मोकळं करा," ते म्हणाले. "रामटेकेनं पुसलं. सगळ्यांले माहीत आहे."

"रामटेकेंनी कशासाठी पुसावं?" सत्यवतीबाईंनी विचारलं. "पडदा लुकलुकत होता हे त्यांनीच मला सांगितलं. आणि तो रोशनीचा पडदा नव्हताच. आता आधी एका गोष्टीचा विचार करू. त्या तासात रोशनीनं रेडिओवर जे सांगितलं, ते विमानाच्या कॉकपिटमध्येही मुद्रित होतं. विमान इथंच परत उतरलं. दुपार व्हायच्या आत ते मुद्रण सुरक्षित काढलं गेलं, हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे रेडिओवरचं बोलणं पुसून कोणाचाच फायदा नव्हता. रोशनीचाही नाही."

"मग कायले पुसलं?" अंकुश म्हणाला.

"कारण एक गोष्ट फक्त इथल्याच यंत्रात होती. कक्षातल्या आतल्या फोनवरचं बोलणं. रोशनीनं दोनदा पर्यवेक्षकाच्या टेबलावर फोन करून मदत मागितली. कोणीतरी उचलला आणि म्हणालं, सांभाळ."

अंकुशचा चेहरा उतरला. "मी नाही उचलला! आईची शपथ, मॅडम, मले फोन आलाच नाही!"

"मला पटतं. तुम्हाला फोनबद्दल काही माहीतच नव्हतं. तुम्ही टेबलावर असता तर माहीत असतं. म्हणजे तुम्ही टेबलावर नव्हता. कुठे होता?"

अंकुशनं काळमेघांकडे पाहिलं. काळमेघांनी खिडकीकडे.

"सरांनी बोलावलं होतं," अंकुश म्हणाला. "याच खोलीत. संचालनालयाची तपासणी यायची होती, तिची तालीम करायले. मी म्हटलं, सर, टेबल सोडता येत नाही. म्हणाले, दोन मिनिटं ये, कोणाले तरी बसव."

"कोणाला बसवलं?"

अंकुशनं खुर्ची मागे सरकवली.

"मी सगळ्यांपुढे एकच वाक्य बोलले," सत्यवतीबाई म्हणाल्या. "रोशनीनं मदत मागितली होती. कशी, ते सांगितलं नाही. काळमेघ म्हणाले, मान वळवून आवाज द्यायचा. अंकुश म्हणाले, हाक मारली नाही. रामटेके म्हणाले, ओरडली असेल. पर्यवेक्षक पाठीमागे बसत असताना कोणालाही तेच वाटणार. फक्त एका माणसाला ठाऊक होतं, की तो फोन होता."

रितिका पांढरी पडली होती.

"मला रोशनीनं सांगितलं," ती पटकन म्हणाली. "तिच्या घरी जाते मी. विचारा तिला."

"विचारलं. तिनं कोणालाच सांगितलं नाही. तुम्ही तर तिला त्या दिवसाचा विषयही काढू देत नव्हता." सत्यवतीबाई रामटेकेंकडे वळल्या. "आता तुम्ही खरं सांगा. सील करायच्या आधी दोघं एकत्र आत गेला होता?"

रामटेकेंनी खिशातली चावी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "नाही. तो लुकलुकता पडदा मी खोलून ठेवला होता. मी चावी दिली, म्हटलं तुम्ही व्हा समोर, मी येतो. नियम मोडला मी. सांगितलं असतं तर नियंत्रकांनी मले फाडून खाल्लं असतं. अन् संशय घ्यायचा तर कोणावर? सुरक्षेच्याच बाईवर?"

रितिकानं टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले.

"माझा आवाज होता त्यात, म्हणून पुसलं. फोन वाजला तेव्हा मला कळेना काय करावं," ती म्हणाली. "दुसरं टेबल उघडायचा हुकूम मी देऊ शकत नव्हते. परवानाच नाही. मी रितिका आहे म्हटलं असतं तर प्रश्न आला असता, अंकुश कुठे आहे. मग सर सापडले असते. मला वाटलं, अंकुश आता येईल. दोनच मिनिटं. म्हणून म्हटलं, सांभाळ. दुसऱ्यांदा तिचा आवाज असा आला, की मी उठले होते, मॅडम. त्याला बोलवायला दारापर्यंत गेले होते. मागून ती किंचाळली."

अंकुश तोंड झाकून बसला होता. "मीच म्हटलं होतं तिले, बस जरा म्हणून," तो पुटपुटला.

"झालं समाधान?" काळमेघ उठले. "आमच्या केंद्रातली एकच धड बाई होती. ती घेतली तुम्ही."

"मी नाही घेतली. तिनं दोनदा तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही तिच्या डोक्यावर शेरा धरून तिला गप्प बसवलं. म्हणून सुरक्षेचं माणूस थेट मुख्यालयाचं ठेवायचं असतं, तुमच्या हाताखाली नाही. तुमच्या नोकरीचं काय करायचं ते तुमचं प्राधिकरण ठरवेल, तो माझा अधिकार नाही. पण या केंद्राची मान्यता माझ्याकडे आहे. आजपासून इथं टेबलं एकत्र करायची नाहीत. जेवढी माणसं तेवढीच विमानं."

"निम्मी उड्डाणं बंद पडतील! मंत्रालयातून फोन येतील तुम्हाले!"

"येऊ द्या."

७

हुकूम संध्याकाळच्या आत लागू झाला. विमानतळावर प्रवासी तासन्‌तास ताटकळले आणि त्यांच्या शिव्या टीव्हीवर दिसल्या. केंद्राच्या फाटकावर नियंत्रकांनी सत्यवतीबाईंची गाडी येताना पाहून पाठ फिरवली. आपल्यावरचं ओझं याच बाईंनी कमी केलं होतं, तरीही. पहारेकऱ्यानं दांडा उचलायला उगाचच वेळ लावला.

दिल्लीला निघण्याआधी त्या हुडकेश्वरला गेल्या. रोशनीच्या चुकीची नोंद राहणार होती. पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागणार होतं. पण परवाना राहणार होता. त्यांनी सगळं सांगितलं, फोन कोणी उचलला तेही.

इंदूबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "माझ्या हातचं खाल्लं तिनं," त्या म्हणाल्या. "मी तिले आग्रह करकरून वाढलं."

रोशनी रडली नाही, चिडलीही नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, ती वाईट नाही," ती म्हणाली. "मले माहीत आहे काहून केलं असेल तिनं. पण तिले एक विचारा. मी तर समजून राहिली होती, मागे अंकुश सर आहेत, परवानेवाला माणूस पाहून राहिला आहे. त्या भरवशावर मी तीन विमानं आणखी घेतली. तिनं नुसतं म्हटलं असतं ना, की मी रितिका आहे, इथं कोणी नाही..." तिचा आवाज आता कुठे फाटला. "मी एकालेही वर चढू दिलं नसतं."